अठ्ठावीस मेंढ्यांचं मशीन

गोळी पहिली

चार आण्याला पाच लोखंडी गोळ्या, हा आबांच्या मशीनचा गड्ड्याच्या जत्रेतला भाव होता. हे प्रकरणही तेवढ्याच गोळ्यांचं. एखादी गोळी वर बराच वेळ खेळत राहते, एखादी आली तशी खाली जाते. त्याला मशीनवालासुद्धा काही करू शकत नाही.

विजयमाला शुक्रवार पेठेत भावाच्या घरी पोचली तेव्हा दुपारचे दोन वाजले होते. एरवी कुंभारीहून निघताना तिच्या पिशवीत शेंगाचटणीचा डबा असायचा. आज पिशवीच नव्हती. माहेरी रिकाम्या हातानं जायची अठ्ठावन्न वर्षांच्या आयुष्यात ही तिची पहिली वेळ.

दाराशी धाकट्या जोतिरामची गाडी उभी होती. मंद्रूपची जमीन वाटली त्या वर्षापासून जोतिराम थोरल्या सिद्धरामच्या घरात पाणीसुद्धा पीत नव्हता. आज तो चौकात पाटावर बसून बशीत चहा ओतत होता. म्हणजे मशीनला भाव चांगलाच आला असणार, हे विजयमालानं उंबऱ्यातच ओळखलं.

“ये आक्का,” जोतिराम म्हणाला. “नवरी बघायला पावणी यायला लागलीया. तुझीच वाट बघत हुतो.”

“नवरी किती वर्साची हाय?”

“तुझ्यापेक्षा धाकलीच की. घरात येऊन चव्वेचाळीस वर्सं झाली.”

“मग उजवायला लई उशीर केलासा.”

आतून सिद्धराम आला. टॉवेलच्या कारखान्यात सुपरवायझर म्हणून तीस वर्षं काढल्यामुळं तो घरातही हात मागं बांधून चालायचा. “आक्का, जेवलीस का? म्हणजे कसं, पोरगी तीनला येणार आहे. त्याआधी आपलं आपण एकदा बोलून घेऊ.”

“तुमचं बोलून झालंय की. मला कशाला बलवलंय ते सांगा.”

“आयनं सांगितलं. ‘तिला इचारल्याबिगर मशीनला हात लावायचा न्हाय.’ एवढंच म्हणाली, पुढं काही नाही.”

विजयमाला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये गेली. आई, कस्तुराबाई, तिथंच खाटेवर बसली होती. समोर चार पायांवर पिनबॉलचं मशीन. वर घातलेली ताडपत्री आज काढली होती. पश्चिमेच्या खिडकीतून ऊन थेट मशीनच्या उभ्या काचेवर पडत होतं. मशीनचा शेवटचा गड्डा झाला तेव्हापासून, म्हणजे बावीस वर्षं, ते रोज दुपारी तसंच पडत होतं. ताडपत्री खालच्या पेटीला पुरायची, काच उघडीच राहायची.

काचेवर एक मडम होती, पोहायच्या कपड्यात. तिचा लाल पोशाख आता पिकल्या पेरूच्या आतल्या रंगाचा झाला होता, आणि मागचं आभाळ धुतलेल्या गणवेशासारखं. मडमेच्या उघड्या अंगावरून, खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिरक्या, जाड पिवळ्या ऑइलपेंटमध्ये पाच अक्षरं होती आणि त्यांचे काने, वेलांट्या.

विजयमाला.

“आलीस?” आई म्हणाली.

“आले.”

तेवढंच बोलणं झालं.

गोळी दुसरी

धम्मप्रिया तीनला आली. तिशीची, पाठीवर हत्यारांची बॅग. मूळची सोलापूरचीच, पण पुण्यात जुनी खेळाची मशीनं दुरुस्त करायचं तिचं वर्कशॉप होतं. सिद्धरामच्या मुलीनं, रुपालीनं, मोबाईलवर टाकलेले फोटो बघून तिनंच फोन केला होता. तिनं आधी खाली बसून मशीनचे पाय बघितले, मग पोट उघडून बॅटरीच्या उजेडात तारा बघितल्या, आणि सगळ्यात शेवटी तोंड.

“कुणाची गं तू?” कस्तुराबाईनं विचारलं.

“नागनाथ मास्तरांची, आजी. पप्पा लहानपणी गड्ड्यात यावरच खेळायचे. म्हणतात, माझ्या चार आण्यांचं एक पोतं त्या मशीनच्या पोटात असेल.”

“मग तुजंबी थोडं हाय की ह्यात.”

धम्मप्रिया हसली. सिद्धराम हसला नाही. हिस्सेदार वाढलेले त्याला गमतीतही चालत नसत.

रुपाली मोबाईल घेऊन पुढं सरकली. तिनं महिनाभर या एकाच गोष्टीचा अभ्यास केला होता. “आजी, ऐक. हे मशीन एकाहत्तर सालचं. अमेरिकेत कारखान्यातून नवं निघालं तेव्हा सहाशे नव्वद डॉलर. तेव्हाचे पाच हजार रुपये, वर थोडे.”

“एकात्तर म्हंजे दुस्काळाच्या आदी.” कस्तुराबाईचा अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरू लागला. तिला पैशातला भाव कळत नसे. कुठलाही आकडा आला की ती आधी त्याच्या मेंढ्या करायची, आणि त्या विसानं मोजायची. “तवा मेंढी साठाला हुती. चार इसा न् सा. शहाऐंशी मेंढ्या.”

“आणि आता तिकडं असलंच मशीन, नीट केलेलं, पाच हजार डॉलरला जातं. सव्वाचार लाख.”

“आता मेंढी अकराला हाय.” अकरा म्हणजे अकरा हजार, मंद्रूपच्या बाजाराचा ताजा भाव तिला दर आठवड्याला कुणीतरी सांगत असे. पेरं पुन्हा मोजून झाली. “एक इसा न् अठरा. वर एक कोकरू.” ती थांबली. “म्हंजे शहाऐंशीचं अडतीसवर आलं? आमेरिकेचं लई नुकसान झालं की गं.”

जोतिरामला ठसका लागला. “आय, त्यास्नी कळवू का?”

“आपलं सांग.”

आपलं सगळ्यांना पाठ होतं. एक्क्याऐंशी साली आबा, म्हणजे तिघा भावंडांचे वडील बिरुदेव, मेंढरं विकायला मुंबईला गेले आणि परत येताना ट्रकमधून हे मशीन घेऊन आले. बंद पडणाऱ्या एका हॉटेलात ते उभं होतं. मालकाला बेचाळीसशे रुपये हवे होते. मेंढीला दीडशे आले होते. अठ्ठावीस मेंढ्या. गावानं आबांना वेड्यात काढलं. पण पुढं बावीस वर्षं, दर जानेवारीत, होम मैदानावर सिद्धेश्वराच्या गड्ड्यात मशीन उभं राहिलं, आणि त्या जिवावर हे शुक्रवार पेठेतलं घर उभं राहिलं.

“मी तीन लाख देऊ शकते,” धम्मप्रिया म्हणाली. “बेंगळुरूचं एक गिऱ्हाईक आहे. पण त्याला मूळची काच हवी. चित्र काचेच्या आतल्या बाजूला छापलेलं असतं, आणि हे नाव बाहेरून रंगवलंय. ब्लेडनं निघेल. ते काढायचं.”

“एक इसा सात,” कस्तुराबाई पुटपुटली. “चव्वेचाळीस वर्सांत एक मेंढी कमी.”

“आणि नाव नाही काढलं तर?” रुपालीनं विचारलं.

“ऐंशी हजार.”

“सात मेंढ्या,” कस्तुराबाई म्हणाली.

सगळ्यांनी विजयमालाकडं बघितलं. विजयमाला काचेकडं बघत होती.

त्यांच्या घरात मुलीच्या बारशाला एक मेंढी तिच्या नावानं सोडत. त्या मेंढीच्या उजव्या कानाला दोन चिरा. तिची पिल्लं, पिल्लांची पिल्लं, सगळ्यांच्या उजव्या कानाला दोन चिरा, आणि ती सगळी त्या मुलीची. लग्नात ती नवरीच्या मागं सासरी जायची. विजयमाला चौदा वर्षांची होती तेव्हा तिच्या अकरा झाल्या होत्या. मुंबईला गेलेल्या अठ्ठावीसमध्ये त्या अकरा होत्या. आबा परत आले, आणि त्यांनी सिनेमाचे फलक रंगवणाऱ्या एका पेंटरला बोलावून काचेवर तिचं नाव घालायला लावलं. तिला म्हणाले, “तुज्या अकरा हायत ह्यात. म्हणून नाव तुजं.” मडमेचं अंगही झाकलं गेलं, घरंदाज माणसं पोरं घेऊन यायला लागली. आबांना लिहिता येत नव्हतं. त्यांनी आयुष्यात लिहून दिलेला कागद म्हणायचा तर ती काच.

कुंभारीला नांदायला गेली तेव्हा विजयमालाच्या मागं मेंढ्या नव्हत्या. सासू दारातच म्हणाली होती, “सूनबाईनं मेंढ्या गड्ड्यात चरायला सोडल्यात वाटतं.” हे वाक्य ती सासू मरेपर्यंत टिकलं. सव्वीस वर्षं.

“काढा नाव,” विजयमाला म्हणाली. “मला चालतंय. माज्या अकरा मेंढ्या द्या आन् काढा.”

“कुठल्या अकरा?” सिद्धराम म्हणाला.

गोळी तिसरी

विजयमालानं आईकडं बघितलं. आई पेरं मोजत होती, तिला ऐकू आलं नव्हतं.

टिल्ट

मशीनला हलवलं, लाथ मारली, तर आतला एक लोलक तारेला लागतो, काचेवर इंग्रजीत ‘टिल्ट’ असा दिवा पेटतो आणि सगळं बंद पडतं. गोळी असेल तिथून निमूट खाली येते. गड्ड्यातली पोरं त्याला म्हणत, मशीन रुसलं.

“आक्का, म्हणजे कसं,” सिद्धराम म्हणाला, “कळप आबांचा होता. चिरा काय, पोरींच्या हौसेला मारायचे. आणि नाव म्हणशील तर लोक ट्रकवर पण पोरीचं नाव घालतात. म्हणून ट्रक पोरीचा होतो का? तिघांना एक-एक लाख. सरळ.”

“हौस असती तर जोत्याचं नाव टाकलं असतं. सात वर्साचं हुतं. ‘माजं नाव टाका’ म्हणून मशीनखाली लोळत हुतं.”

“व्हय,” जोतिराम म्हणाला. “पेंटरनं माज्या कपाळावर पिवळा टिळा लावला तवा उठलो.”

“गप रे,” सिद्धराम म्हणाला.

“गप का? दादा, तुला आठवतंय, दोन चिरांची मेंढी कापायला न्हाई द्यायचे आबा. पावना आला तरी.” जोतिरामनं बशी खाली ठेवली. त्याचा हिशोब तोपर्यंत होऊन गेला होता. “अकरा मेंढ्या म्हंजे एक लाख एकवीस. ती जास्तीचं एकवीस घेनार. तुजं-माजं दहा-दहा हजार जातंय. त्यानं काय मरत न्हाय आपन. आक्काला दिऊ. फकस्त आक्का, तू तेवढं मंद्रूपच्या हिरीच्या कागदावर माज्या बाजूनं सही कर.”

विहिरीचं भांडण सहा वर्षांचं होतं. बहिणीची सही ज्याच्या बाजूनं, त्याची विहीर.

सिद्धरामनं मागं बांधलेले हात पुढं आणले. “अस्सं. म्हणून चहा पिलास होय माझ्या घरात?”

“चहा पोरीनं केला हुता. तुजा न्हाय पिलो.”

“आक्का, ऐक. याच्या नादी लागू नकोस. अकरा तर अकरा. मी देतो. माझी अट काही नाही.”

एवढा वेळ ज्या मेंढ्या नव्हत्याच, त्या आता दोघांकडूनही यायला लागल्या. विजयमालाला त्याचं फार नवल वाटलं नाही. ती म्हणाली, “सही मी कुनालाच देनार न्हाय. मेंढ्या मला पैशात नकोत. जित्या पायजेत. कुंभारीला, दारात. उजव्या कानाला दोन चिरा मारून.”

“या वयात मेंढ्या राखणार का आत्या?” रुपाली म्हणाली.

“दारातनं जाताना गल्ली बघंल. मग इकंन.”

धम्मप्रिया बॅगेशी चाळा करत बसली होती. दुसऱ्याच्या घरात कुठं बघू नये हे तिला धंद्यानं शिकवलं होतं.

“नाव गेल्यावर तुमी परत इचारशीला, कुटल्या अकरा,” विजयमाला म्हणाली. “भंडारा उचला.”

रुपालीनं देव्हाऱ्यातून भंडाऱ्याची वाटी आणली. बिरोबाचा भंडारा हातात घेऊन बोललेलं या घरात आजवर कुणी फिरवलं नव्हतं; फिरवायचं असलं तर उचलतच नसत. जोतिराम म्हणाला, माझ्या हाताला चहा लागलाय. सिद्धरामनं उचलला. पिवळी चिमूट धरून तो सावकाश म्हणाला, “तीन लाख आले, की अकरा मेंढ्या आक्काच्या दारात.”

तीन लाख आले की. विजयमालानं ते ऐकलं. सुपरवायझर कोऱ्या कागदावर सही करत नाही, हे तिला माहीत होतं. पण तीन लाख तर समोर बॅग घेऊन बसले होते.

“पोरी,” ती धम्मप्रियाला म्हणाली, “पयलं अक्षर मी काढते.”

गोळी चौथी

काच चौकटीतून काढून गोधडीवर आडवी ठेवली. धम्मप्रियानं ब्लेड कसं धरायचं ते दाखवलं: तिरकं, भाकरी उलटायच्या उलथन्यासारखं, जोर न लावता. विजयमालानं ‘वि’च्या वेलांटीखाली पातं सरकवलं. पेंट इतका जुना होता की सालपटासारखा सलग उठला. तिनं तो फुंकून बाजूला केला. रुपालीनं पुन्हा चहा ठेवला. यावेळी कुणाच्या हातचा, हे न विचारता जोतिरामनं कप घेतला.

उरलेली अक्षरं धम्मप्रियानं काढली. अर्धा तास लागला. तिचा हात आधी झरझर चालत होता, ‘य’पाशी जरा मंद झाला, आणि ‘मा’ काढून झाल्यावर ती थांबून काचेवर वाकून बघत राहिली. काही न बोलता तिनं ‘ला’ काढला. ओल्या फडक्यानं काच पुसली, उचलली आणि खिडकीला टेकवून उभी केली.

पेंट सगळा गेला होता. एक ठिपका राहिला नव्हता.

मडम पेरूच्या रंगाची होती, आभाळ विटकं होतं. आणि तिच्या खांद्यापासून गुडघ्यापर्यंत तिरकं, डाळिंबाच्या दाण्यासारख्या लाल रंगात, जिथं आभाळ होतं तिथं गर्द निळ्यात, लख्ख वाचता येत होतं: विजयमाला.

“हे काय?” सिद्धराम म्हणाला. “अजून घासा की.”

“घासायला काही नाहीये, काका. हा आतला छापा आहे. मूळचा रंग असा होता.” धम्मप्रियानं बोट काचेपासून थोडं लांब धरून अक्षरांच्या कडेनं फिरवलं. “गड्ड्यातलं ऊन, मग या खिडकीतलं ऊन. सगळं चित्र विटलं. पेंटखाली ऊन पोचलं नाही, तेवढंच नवं राहिलं.”

“न्हाय निघनार?”

“नाही निघणार.”

“निगालं का गं?” खाटेवरून कस्तुराबाईनं विचारलं. तिला वाचता येत नव्हतं.

“निघालं, आजी,” रुपाली म्हणाली. “पण दिसतंय.”

विजयमाला खाली बसली होती. तिच्या नखांत पिवळा रंग अडकला होता. तो पेंट होता, पण भंडारा लागावा तसा दिसत होता.

गोळी पाचवी

बेंगळुरूला फोटो गेला. दोन मिनिटांत उत्तर आलं: नको.

“आता ऐंशी तरी?” सिद्धरामनं विचारलं.

“ते ऐंशी पण त्याचेच होते,” धम्मप्रिया म्हणाली. तिनं ब्लेड कागदात गुंडाळून बॅगेत ठेवलं. मग मशीनभोवती एक फेरी मारली, एक कळ दाबून बघितली. आत कुठंतरी घंटा एकदाच वाजली. “मी घेते. माझ्यासाठी. गिऱ्हाईक नाही, वर्कशॉपात ठेवीन. काच अशीच ठेवणार, नवी छापून घालणार नाही. पप्पांना आणून दाखवीन. एक लाख वीस. याच्यावर माझ्याकडं नाहीत.”

“वर एक टाका ताई,” जोतिराम लगेच म्हणाला. “शकुनाचा. वीसवर यवार तोडत न्हाईत आमच्यात.”

“एक रुपया?”

“एक हजार. मशीन मोठं हाय.”

ती हसली. “बरं. एक लाख एकवीस.”

सिद्धराम मनातल्या मनात भागाकार करून मोकळा झाला होता. “चाळीस-चाळीस येतात. वर एक हजार, तो आयच्या औषधाला.” तो बहिणीकडं वळला. आवाज मऊ होता. “आक्का, म्हणजे कसं, मी भंडारा उचलला तो तीन लाखांवर. तीन लाख आले असते तर मी शब्द फिरवला नसता. सगळ्यांनी ऐकलंय.”

“ऐकलंय,” विजयमाला म्हणाली.

“भावच पडला, त्याला कोण काय करणार?”

“जोत्या?” विजयमालानं धाकट्याकडं बघितलं. मघाशी याच जोतिरामला दोन चिरांच्या मेंढ्या आठवत होत्या.

जोतिरामनं कपात बघितलं. “आता सहीच न्हाय म्हनालीस तू. मग मी काय बोलू?”

विजयमाला उठली. गोधडीवर पडलेली पेंटची सालपटं तिनं पदरानं न झाडता हातानंच गोळा केली आणि खिडकीतून बाहेर टाकली. मग घरी जायला वळली. चप्पल पायात घालताना तिला आईचा आवाज ऐकू आला.

“सिदा. कितीला ठरलं म्हनलास?”

“एक लाख एकवीस हजार, आय.”

“न् मेंढी कितीला हाय म्हनलं मी?”

“अकराला.”

कस्तुराबाईनं अंगठा पेरांवर ठेवला. विसा धरायची गरज नव्हती. तीन बोटांची पेरं संपली, मग तिनं चौथ्या बोटाच्या दुसऱ्या पेरावर अंगठा टेकवला आणि तो तिथंच राहू दिला. समोर काच होती. काचेवर काय लिहिलंय ते तिला वाचता येत नव्हतं, पण कुठून कुठपर्यंत आहे ते चव्वेचाळीस वर्षं पाठ होतं.

“अकरा,” ती म्हणाली.

कुठल्या अकरा, हे कुणी विचारलं नाही. जोतिरामनं अर्धा राहिलेला चहा उंबऱ्यावर ठेवला. सिद्धरामचे हात परत मागं गेले. विजयमालानं पायातली चप्पल काढली आणि आईजवळ खाटेवर बसली.